बहिरा चालू असेल

क्लावाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर ती लावत नसे. उठली की चूल पेटवायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, पावाचा तुकडा आणि मिठात मुरवलेल्या चरबीची चकती फडक्यात बांधायची आणि अंधारातच भट्टीकडे निघायची. उशिरा येणाऱ्या बाईला सगळ्यात गरम खण मिळतो, म्हणून ती सगळ्यांच्या आधी पोचायची.

आमची वीटभट्टी जुनी, कमानीची. आत गोल फिरत गेलेले खण आहेत. आग एका खणातून पुढच्यात सरकत राहते, तिला विझू देत नाहीत. आगीच्या पुढच्या खणांत कच्ची वीट रचायची, मागच्या खणांतली भाजलेली वीट काढायची. मी जन्मभर वीट रचली. क्लावा काढायची. काढण्याचं काम अधिक वाईट, कारण वीट वरून निवलेली दिसते आणि आतून पेटलेली असते. बायका तळहातांना टायरच्या ट्यूबचे तुकडे बांधतात. एका वेळी चार विटा उचलायच्या, वळायचं, गाड्यात लावायच्या. टाकायच्या नाहीत. टाकली की कोपरा उडतो आणि मजुरी कापली जाते. वळताना पाय वळवायचे, कंबर नाही. नव्या पोरी कंबर वळवतात आणि महिनाभरात घरी बसतात. क्लावा तरुणपणी या कामाला लागली आणि केस पांढरे झाले तरी तिथेच होती.

तिचा नवरा पोलंडला रंगकामाला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. मागे राहिला मुलगा, देम्यान. त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला हातावर मी धरलं होतं, म्हणून मी क्लावाचा कूम आणि ती माझी कुमा. हे नातं आम्ही रक्ताच्या नात्याइतकंच धरतो. त्यात भांडायचा हक्कही येतो, आणि तो आम्ही दोघांनी भरपूर वापरला.

देम्यान शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. लढाई सुरू झाली तसा तो गेला. त्याला गाडी चालवता येते म्हणून जखमींना पुढच्या खंदकांतून मागे आणायचं काम मिळालं. मोडकी पिकअप, मागे गादी टाकलेली. दिवसातून दोनदा तो आईला फोनवर एक अधिकचं चिन्ह पाठवायचा. एवढंच. आघाडीवरची सगळी पोरं तेच करतात. लिहायला वेळ नसतो आणि लिहिण्यासारखं काही नसतं. अधिक आलं म्हणजे जिवंत आहे. क्लावा फोन छातीशी, सदऱ्याच्या आत ठेवायची. तो थरथरला की हातातल्या चार विटा आधी गाड्यात लावायची आणि मग बघायची. नाही आला की तिचं तोंड राखेच्या रंगाचं व्हायचं. त्या दिवशी तिच्याशी कोणी बोलत नसे.

तिसऱ्या हिवाळ्यात देम्यानने फोन केला. मी तिच्या स्वयंपाकघरातच होतो, तिच्या चुलीचं धुराडं साफ करत.

"आई, आम्हाला बहिरा पाहिजे."

"कोण बहिरा?"

"डबा गं. गाडीच्या टपावर बसवायचा. ड्रोन आलं की त्याला ऐकू येईनासं होतं, दिसेनासंही होतं."

"सरकार देत नाही?"

"देतं. सहा गाड्यांत एक. बाकी ज्याची आई श्रीमंत त्याला." आणि तो हसला. क्लावा नाही हसली.

"केवढ्याला?"

त्याने सांगितलं. क्लावा स्टुलावर बसली. मी धुराड्यातून हात बाहेर काढला. तेवढ्यात आमच्या गल्लीत एक घर आलं असतं, पडकं का होईना.

बाजारपेठेत बायका वारेनिकी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, विकून पलटणीसाठी पैसे गोळा करत, तशी सोय होती. तिथे नाव नोंदवायला क्लावा तयार झाली नाही. "लोकांच्या पैशाचा डबा लोकांच्या गाडीवर जातो," ती म्हणाली. "माझ्या पैशाचा माझ्या पोराच्या गाडीवर जाईल." मी म्हटलं, तुझं वय बघ. ती म्हणाली, तू तुझे गुडघे बघ.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन पाळ्या करू लागली. स्वतःचा खण रिकामा झाला की दुसरीचा घ्यायची. पुरुष सगळे गेलेले, कामाला माणूस मिळत नव्हतं. मलाही पेन्शनीतून उठवून बोलावलं होतं, बसून फुटक्या विटा निवडायला. आमचा मुकादम प्रोकिप, तोंडाने फाटका पण मनाने बरा, एकदा तिला म्हणाला, "क्लावा, भट्टीतच राहायला ये ना. उशी पाठवून देतो."

"येते की. भाडं मात्र तुझ्या बायकोकडून घे."

"ती मला देत नाही, तुझं काय देणार!"

बायका हसल्या. क्लावा हसली नाही, तिचे हात भरलेले होते. संध्याकाळी ट्यूबचे तुकडे सोडताना तळहाताची कातडी त्यांच्याबरोबर यायची. ती हात कोबीच्या पाण्यात बुडवून बसायची. थंडी गेली, बर्फ वितळून भट्टीच्या वाटेवर गुडघाभर चिखल झाला, चेरीला फुलं आली, तेव्हा पैसे जमले.

डबा करणारा सेव्हेरिन जिल्ह्याच्या गावात, एका गॅरेजमध्ये काम करायचा. आधी टीव्ही दुरुस्त करायचा. एक पाय लढाईत गमावलेला. आम्ही दोघं बसने गेलो. डबा टेबलावर होता. हिरवा, लोखंडी, साधारण घरी पाव ठेवायच्या पेटीएवढा, वर जाड काळ्या कांड्या.

"मावशी, ड्रोन आपल्या मालकाचा आवाज ऐकत उडतं," सेव्हेरिन म्हणाला. "हा डबा इतक्या मोठ्याने ओरडतो की त्याला मालक ऐकूच येत नाही. त्याच्या डोळ्यापुढेही नुसता बर्फ पडतो. मग ते बावचळतं आणि कुठेतरी जाऊन पडतं."

"मला तर काही ओरडणं ऐकू येत नाही."

"तुम्ही ड्रोन नाही."

"माझा नवरा म्हणायचा, तुला कधी काही ऐकूच येत नाही."

सेव्हेरिनने कळ दाबली. डब्यावर हिरवा दिवा लागला. माझ्या फोनवरच्या रेघा गेल्या, क्लावाच्याही. वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली.

"सेव्हेरिन! पुन्हा लावलास का तो मेला डबा? सासू बोलत होती माझी, मध्येच तुटलं!"

"आत्ता बंद करतो, वहिनी!"

"बंद कर कोण म्हणालं? राहू दे अजून थोडा!"

क्लावा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग तिने विचारलं, "म्हणजे हा चालू असला की पोराचा फोनही लागणार नाही?"

"नाही लागणार. वायरलेसही नाही. याला आपलं-परकं कळत नाही. पण मावशी, फोन गप्प असला तर समजायचं, डबा काम करतोय."

हे शेवटचं वाक्य तिने मनात धरून ठेवलं. सेव्हेरिनने ते तिला धीर द्यायला म्हटलं होतं.

डब्याला स्वतःची बॅटरी होती, गाडीचं इंजिन बंद पडलं तर काही तास पुरेल एवढी. क्लावाने विचारलं, याहून मोठी नसते का? असते, सेव्हेरिन म्हणाला, दिवसभर आणि रात्रभर चालेल अशी, पण पैसे जास्त. क्लावा म्हणाली, "मोठी घाल. गाडी कुठे चिखलात रुतली तर माझं पोर उघड्यावर पडायला नको." त्यासाठी तिने आणखी एक महिना दोन पाळ्या केल्या. सेव्हेरिन सवलत द्यायला निघाला होता. तिने घेतली नाही. काम केलंयस ना, मग पैसे घे, म्हणाली.

मेच्या शेवटी डबा आघाडीवर गेला. देम्यानचा फोन आला तेव्हा क्लावाने तो सगळ्या भट्टीला ऐकू जाईल असा लावला.

"आई, चालतो! काल एक आलं, अगदी काचेसमोर. आणि एकदम दारू प्यायल्यासारखं झुकांड्या खायला लागलं. गेलं आणि तळ्यात पडलं. आमचा डॉक्टर म्हणतो, तुझ्या आईला माझ्याकडून मुजरा!"

"डॉक्टरला म्हणावं, मुजरा राहू दे. माझ्या कंबरेला मलम पाठव."

प्रोकिपने त्या दिवशी सगळ्यांना पावाचा आंबवलेला क्वास पाजला.

त्यानंतर अधिकं कमी यायला लागली. दिवसाला दोनच्या जागी एक. मग एक दिवसाआड. आणि मी पाहिलं, क्लावाचं तोंड आता राखेचं होत नव्हतं. यारिना तिच्या शेजारच्या खणात असायची. तिने विचारलं, "आलं का गं आज?"

"नाही. बहिरा चालू असेल."

ती हे अशा आवाजात म्हणायची जसं कोणी म्हणतं, पोरगा जेवून झोपलाय. आधी ज्या शांततेने तिचा जीव जायचा, ती आता तिची स्वतःची कमाई होती. तीन हिवाळे तिला झोप नव्हती. त्या जूनमध्ये ती झोपली. अंगावर मांस चढलं. जेवणाच्या सुट्टीत शेपू आणि मुळा खात भिंतीच्या सावलीत पाय पसरून बसायची. भट्टीत तिचं ते वाक्यच होऊन बसलं. पगार उशिरा झाला तर कोणी विचारायचं, ऑफिसातून निरोप नाही? की दुसरी म्हणायची, बहिरा चालू असेल. क्लावाही हसायची.

यारिनाचा पुतण्या रजेवर आला होता. एका दुपारी बोर्श्तची, बीटच्या सूपाची, वाटी हातात घेऊन यारिना म्हणाली, "क्लावा, तो सांगत होता, आता ड्रोन धाग्यावर यायला लागलीत. काचेचा धागा, केसासारखा. मागून सुटत येतो. मालक धाग्यातूनच बोलतो. त्याला म्हणे कुठलाच डबा अडवत नाही."

"धाग्यावर?"

"हो."

"पतंग आहे का?"

"तो म्हणाला, त्याने पाहिलंय."

"उद्या म्हणेल दाव्याला बांधून म्हैस उडवतात." क्लावाने पाव मोडला. "खा गं. गार होतंय."

ती मुद्दाम उडवून लावत नव्हती. तिला ते खरंच हास्यास्पद वाटलं. आम्हालाही वाटलं. इतक्या मैलांचा धागा, तुटणार नाही का? झाडात अडकणार नाही का? आम्ही विटा भाजणारी माणसं, धागा किती ताण सोसतो हे आम्हाला ठाऊक, असं आम्ही म्हटलं.

जुलैत गहू पिवळा झाला. अधिक आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बहिरा चालू असेल, क्लावा म्हणाली. आठवडा होत आला. यारिना म्हणाली, वरच्या साहेबाला फोन कर. क्लावा म्हणाली, "कशाला त्रास द्यायचा? मी फोन करायला लावीन, ते डबा बंद करतील, आणि तेवढ्यात काही आलं म्हणजे?" आणि तिने दुसरा खण घेतला, गरज नसताना. आता कोणत्याच डब्यासाठी पैसे जमवायचे नव्हते.

मी विटा निवडत तिच्या खणाच्या तोंडाशीच बसायचो. तिसऱ्या प्रहरी ती चार विटा घेऊन वळली आणि थांबली. काम करताना क्लावा थांबलेली मी आधी पाहिलेली नव्हती.

"कूम, ती मोठी बॅटरी किती वेळ चालते म्हणाला होता तो?"

"दिवसभर आणि रात्रभर."

"आणि मग?"

"मग भरावी लागते."

"भरताना बंद ठेवतात?"

"इंजिनावर भरते. पण गाडी रोज चोवीस तास कशी चालेल, कुमा? डिझेल कुठून आणतील?"

तिने त्या चार विटा गाड्यात लावल्या. मग पुढच्या चार. ओळ अर्धी होती, ती तिने पूर्ण केली. एकही कोपरा उडाला नाही. मग ट्यूबचे तुकडे सोडले, घडी करून खिशात घातले, आणि अंगणात जाऊन फोन लावला. देम्यानला नाही. त्या डॉक्टरला, ज्याने मुजरा पाठवला होता; त्याचा नंबर देम्यानने तिला देऊन ठेवला होता.

मी तिच्या मागे उभा होतो. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. त्या पोराने तिला आवाजावरून ओळखलं. मग म्हणाला, "तुमच्याकडे अजून कोणी आलं नाही?"

"कोणी यायचं?"

"मावशी…"

"मावशी नको म्हणू. सांग."

त्याने सांगितलं. देम्यान एका जखमीला आणायला एकटाच गेला होता. बहिरा चालू होता. धाग्यावरचं ड्रोन आलं आणि गाडीच्या तोंडावर आदळलं. गाडी पेटली नाही. गव्हात आडवी झाली.

"मग आणायला गेला नाहीत?"

"वायरलेसवर हाका मारल्या. पण डबा चालूच होता. मागचा भाग शाबूत होता, बॅटरी शाबूत होती. आम्ही हाक मारली ती त्याच्यापर्यंत जात नव्हती, आणि त्याने मारली असती तर आमच्यापर्यंत येत नव्हती. वरून बघायला आम्ही आपलं ड्रोन पाठवलं. गाडीजवळ गेलं की आंधळं व्हायचं. अशी दोन पडली. तो हलतोय की नाही, एवढंही दिसेना. जिवंत आहे हे कळलं असतं तर आम्ही रांगत गेलो असतो, मावशी, शप्पथ. साहेब म्हणाला, मेलेल्यासाठी दोन जिवंत घालवणार नाही."

"किती वेळ चालू होता?"

"दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. सकाळी ते शेत शत्रूच्या हातात गेलं."

क्लावाने विचारलं, "तो जिवंत होता का?"

"माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

तो रडायला लागला. क्लावाने फोन बंद केला नाही, कानाशी धरून उभी राहिली, त्याचं रडणं संपेपर्यंत.

भरतीच्या कचेरीतले दोघं आणि नगरपालिकेची बाई दोन दिवसांनी आली. गल्लीत ती गाडी शिरली की बायका पडद्याआडून बघतात, कोणाच्या फाटकाशी थांबते. कागदावर 'बेपत्ता' असं होतं. बेपत्ताला कबर नाही, चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना नाही, चर्चमध्ये मेणबत्ती कोणत्या बाजूला लावायची तेही ठरत नाही. जिवंतांसाठीची एक जागा असते, मेलेल्यांसाठीची दुसरी. क्लावा रविवारी दोन्हींच्या मध्ये उभी राहिली आणि मेणबत्ती तशीच घरी घेऊन आली.

सेव्हेरिनही आला. बातमी त्याला यारिनाने कळवली. कुबडी फाटकाला टेकवून उभा राहिला, आत येईना. क्लावाने त्याला आत नेलं, बसवलं, बोर्श्त वाढलं. तो खाईना.

"खा. तुझं काम चांगलं होतं. डबा बंद पडला नाही."

"मावशी, धाग्याचं आम्हाला तेव्हा…"

"ते राहू दे. एक सांग. त्याने तिथून मला फोन लावला असेल, तर लागला असता?"

सेव्हेरिनने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"डबा चालू असताना नाही."

"आणि ती लहान बॅटरी असती तर? पहिली दाखवलीस ती?"

त्याने वाटी बाजूला सारली.

"बोल. मी विचारतेय."

"संध्याकाळपर्यंत संपली असती," तो म्हणाला. "मग लागला असता."

क्लावाने मान हलवली, जसं मुकादमाने माप सांगितल्यावर हलवतात. त्याची वाटी उचलली, बोर्श्त पुन्हा पातेल्यात ओतलं, वाटी धुऊन ठेवली. तिने त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मी त्याला फाटकापर्यंत पोचवताना तो मला म्हणाला, आजोबा, मी आता काय करू? मी म्हटलं, धाग्यावर काहीतरी तोड काढ. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला ती खणात होती. प्रोकिप म्हणाला, घरी जा, महिनाभर पगार देतो. ती म्हणाली, घरी काय करू? प्रोकिपने तिचा गाडा खणाशी आणून लावला. आता ती एकच पाळी करते. हात पूर्वीसारखेच चालतात, चार उचलणं, वळणं, लावणं. पण बोलत नाही. यारिनाने दोन-तीनदा काहीबाही विनोद करून बघितले, आता तीही करत नाही. बहिरा चालू असेल, हे वाक्य भट्टीत पुन्हा कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. पगार उशिरा झाला तर बायका नुसत्या शिव्या देतात.

मी एकदा म्हटलं, कुमा, कबर नसली तरी बागेत एक क्रूस उभा करू, मी विटांचा चौथरा बांधून देतो, चांगल्या निवडक विटांचा. ती म्हणाली, "कोणाचा?" मी तो विषय सोडला.

पगार झाला की ती पीठ आणते, कोंबड्यांना दाणा आणते, आणि चौकातल्या दुकानात जाऊन देम्यानच्या फोन नंबरवर पैसे भरते. सुरुवातीला दुकानातली पोरगी म्हणाली, काकू, यावर मागचे पैसे तसेच पडून आहेत, कोणी खर्चलेले नाहीत. क्लावा म्हणाली, असू दे, अजून घाल. पैसे भरणं थांबलं तर कंपनी काही महिन्यांनी नंबर काढून घेते आणि दुसऱ्या कोणाला देते. रोज कामावरून सुटल्यावर ती अंगणातल्या पंपाशी हात धुते, फोन काढते आणि तो नंबर लावते. पलीकडून एक बाई बोलते, नोंदवून ठेवलेल्या गोड आवाजात: ही व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा. क्लावा ते शेवटपर्यंत ऐकते. नंबर गेला तर तीच बाई सांगेल की असा नंबर अस्तित्वात नाही. तसं तिने सांगू नये, यासाठी क्लावाची मजुरी जाते.